लाभांश: आधी नफा, मग निर्णय, मग वाटप

खानदेशात लाभांश हा विषय शेअर बाजाराच्या बातम्यांपुरता कधीच राहिलेला नाही. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४५ च्या डिसेंबरात अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली, तिचे नाव तेव्हा वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स असे होते, आणि तिचे शेअर्स घेणाऱ्यांत गावातले व्यापारी, नोकरदार आणि शेतकरीही होते. हीच कंपनी पुढे विप्रो म्हणून जगभर गेली. त्यामुळे ज्या घरांत बाजारभावाची चर्चा फक्त कापूस आणि केळीपुरती होत असे, त्या घरांतही 'डिव्हिडंड आला' हे वाक्य रूढ झाले. दुसऱ्या बाजूला गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या, नोकरदारांच्या पतपेढ्या आणि नागरी बँका यांचा लाभांश आहेच. शेअर बाजाराशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही असे लाखो लोक या संस्थांचे सभासद या नात्याने लाभांशाचे हक्कदार असतात.

मी जळगाव जिल्ह्यात कर सल्लागार म्हणून काम करतो आणि या एका शब्दाभोवतीचे गैरसमज मला रोज भेटतात. कोणी लाभांशाला व्याज समजतो, कोणी बोनस, कोणी संस्थेने खुशीने दिलेली भेट. कोणी जाहिरातीतला 'दरमहा डिव्हिडंड' पाहून निवृत्तीचे पैसे गुंतवतो. माझे म्हणणे साधे आहे. लाभांशात तीन गोष्टी याच क्रमाने घडाव्या लागतात: आधी नफा व्हावा लागतो, मग तो वाटण्याचा निर्णय अधिकार असलेल्या मंडळींनी घ्यावा लागतो, आणि मग तो हिश्शांच्या प्रमाणात वाटला जावा लागतो. यांपैकी एकही पायरी गाळून कोणी लाभांशाची भाषा करत असेल, तर तेथे थांबून चौकशी करणे हिताचे असते.

प्रथम कंपनीच्या लाभांशाकडे पाहू, कारण त्याचे नियम सर्वांत स्पष्ट आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२३ नुसार लाभांश हा त्या वर्षाच्या नफ्यातून, घसारा (यंत्रे-इमारतींच्या झिजेपोटीची रक्कम) वजा केल्यानंतर, किंवा मागील वर्षांच्या न वाटलेल्या नफ्यातूनच देता येतो. जमिनीची किंमत वाढली म्हणून कागदावर फुगलेली रक्कम या हिशेबात धरता येत नाही. हाती न आलेला नफा वाटता येऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. अंतिम लाभांश किती द्यावा याची शिफारस संचालक मंडळ करते आणि मंजुरी वार्षिक सर्वसाधारण सभा देते. येथे एक बारकावा आहे, जो अनेक जुन्या भागधारकांनाही ठाऊक नसतो. सर्वसाधारण नियमानुसार सभा ही शिफारस कमी करू शकते, मात्र वाढवू शकत नाही. मालक भागधारकच असले तरी तिजोरीत किती पैसा सुरक्षितपणे मोकळा आहे, हे धंदा चालवणाऱ्यांना अधिक कळते, असे कायद्याने मानले आहे. वर्ष संपण्याआधी जो अंतरिम लाभांश दिला जातो तो मात्र संचालक मंडळ स्वतःच्या अधिकारात जाहीर करू शकते.

जाहीर होईपर्यंत लाभांशावर भागधारकाचा कोणताही दावा नसतो. कंपनीला कितीही नफा झाला असला तरी 'माझा वाटा द्या' असे म्हणून दाराशी जाता येत नाही. एकदा जाहीर झाला की चित्र पूर्ण पालटते. ती रक्कम कंपनीवरचे देणे होते, पाच दिवसांच्या आत वेगळ्या बँक खात्यात भरावी लागते आणि तीस दिवसांच्या आत भागधारकाला पोहोचवावी लागते. त्यात कुचराई झाली तर कंपनीला वार्षिक १८ टक्के दराने व्याज द्यावे लागते आणि जबाबदार संचालकांवर कारवाईची तरतूद आहे. लाभांश रोख रकमेतच दिला पाहिजे, असेही कायदा सांगतो. ही अट आज अनावश्यक वाटेल, परंतु १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१० मध्ये आपल्या भागधारकांना लाभांश म्हणून चक्क जायपत्री दिली होती, हे लक्षात घेतले की तिचे प्रयोजन कळते.

व्याज आणि लाभांश यांतला फरक आपल्या भागात शेतीच्या व्यवहारावरून चटकन समजतो. शेत उक्त्याने दिले तर पाऊस पडो वा न पडो, ठरलेली रक्कम मालकाला मिळते. निम्म्या वाट्याने दिले तर पीक हाती येईल तेव्हा आणि येईल तेवढ्याचाच वाटा मिळतो. ठेवीवरचे व्याज पहिल्या प्रकारचे आहे आणि लाभांश दुसऱ्या. ठेवीदार हा संस्थेचा देणेकरी नसून घेणेकरी असतो, त्याला तोटा झाल्याची सबब सांगता येत नाही. भागधारक मात्र संस्थेच्या नफ्यातोट्याचा वाटेकरी असतो. नफा नसेल त्या वर्षी त्याने रिकाम्या हाताने परत जाणे हे त्या नात्यातच आहे. प्रेफरन्स शेअर्सवर (लाभांशात आधी हक्क असलेल्या शेअर्सवर) लाभांशाचा दर आधीच ठरलेला असतो, म्हणून ते व्याजासारखे दिसतात, परंतु तेथेही नफा नसेल तर वाटप होत नाही.

आता टक्केवारीकडे वळतो, कारण सर्वाधिक फसगत तेथे होते. लाभांशाची टक्केवारी शेअरच्या दर्शनी, म्हणजे शेअरवर नोंदलेल्या मूळ किमतीवर काढलेली असते, बाजारभावावर नव्हे. विप्रोचेच उदाहरण घेऊ. या शेअरची दर्शनी किंमत २ रुपये आहे. २०१७-१८ पासूनच्या काही वर्षांत कंपनीने वर्षाला प्रत्येक शेअरमागे १ रुपया लाभांश दिला; टक्केवारीत सांगायचे तर तो ५० टक्के झाला. परंतु तेव्हाच्या बाजारभावाने शेअर घेणाऱ्याच्या पदरात त्यातून अर्ध्या टक्क्याच्या आगेमागेच परतावा पडत होता. वर्तमानपत्रातला '५० टक्के लाभांश' वाचून बँकेतली मुदत ठेव मोडावी असा विचार करणारे मला भेटले आहेत आणि त्यांना हा एक भागाकार करून दाखवणे पुरेसे झाले आहे. लाभांशाचे रुपये भागिले आज मोजावी लागणारी किंमत, एवढेच ते गणित आहे.

मग अमळनेरची जुनी घराणी विप्रोमुळे श्रीमंत झाली ती कशी, असा प्रश्न येथे येतोच. त्याचे उत्तर बोनस शेअर्स, शेअर्सचे विभाजन आणि वाढलेला भाव यांत आहे. १९९७ च्या बोनसपूर्वी ज्याच्याकडे १० रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर होता, त्याचे त्या वर्षी एकास दोन बोनसमुळे ३ झाले. १९९९ मध्ये १० रुपयांच्या शेअरचे २ रुपयांच्या पाच शेअर्समध्ये विभाजन झाल्याने १५ झाले. २००४ मध्ये ४५, २००५ मध्ये ९०, २०१० मध्ये १५०, २०१७ मध्ये ३००, २०१९ मध्ये ४०० आणि २०२४ च्या बोनसनंतर ८००. प्रत्येक शेअरमागचा लाभांश १ रुपयाच असला, तरी ज्याने १९९७ पासून हात लावला नाही त्याच्या एका शेअरचा लाभांश आज आठशे शेअर्सच्या हिशेबाने येतो. बोनस शेअर हा मात्र स्वतः लाभांश नव्हे. त्यात कंपनीच्या तिजोरीतून एक रुपयाही बाहेर पडत नाही. राखीव निधीतली रक्कम भांडवलाच्या खात्यात वर्ग होते आणि त्याच मालकीचे अधिक तुकडे होतात. लाभांशात मात्र पैसा कंपनीतून खरोखर निघून जातो, आणि म्हणूनच लाभांशाच्या रेकॉर्ड डेटच्या दिवशी (ज्या तारखेच्या नोंदीवरून लाभांश कोणाला हे ठरते त्या दिवशी) शेअरचा भाव साधारणपणे तेवढ्याने उतरलेला दिसतो. आदल्या दिवशी शेअर घेऊन लाभांश पदरात पाडायचा आणि दुसऱ्या दिवशी विकायचा, या युक्तीत म्हणूनच काही अर्थ उरत नाही.

सहकारी संस्थांचा लाभांश हा मला अधिक जिव्हाळ्याचा विषय वाटतो, कारण तेथे सभासद समोर बसलेला असतो आणि तरीही त्याला आपला अधिकार दिसत नाही. आपल्याकडे सोसायटीतून पीककर्ज घेताना कर्जाच्या ठरावीक प्रमाणात शेअर्सची रक्कम कापून घेतली जाते. बहुतेक शेतकऱ्यांना ती कपात एवढीच वाटते. त्या कपातीमुळे आपण संस्थेचे भागीदार झालो, हे त्यांच्या मनात ठसत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात मारुतीच्या मंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात वार्षिक सभा भरते. सचिव अहवालातले विषय क्रमाने वाचत जातात, मागून 'मंजूर, मंजूर' असा आवाज येत राहतो, ताळेबंदाचे पान उलटले जाते, आणि सगळ्या सभेत एकच प्रश्न विचारला जातो: "यंदा डिव्हिडंड किती शे?" ('शे' म्हणजे आमच्या बोलीत 'आहे'). आकडा कळला की चहा येतो. अशा सभांना मी अनेकदा बसलो आहे, आणि तो आकडा कोठून आला हे विचारणारा सभासद मला क्वचितच दिसला आहे.

तो विचारायला हवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६६ नुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, आणि कलम ६७ नुसार निबंधकांच्या पूर्वमंजुरीशिवाय १५ टक्क्यांहून अधिक लाभांश देता येत नाही. सहकारात भांडवलावर मर्यादित मोबदला द्यावा आणि संस्थेचे बळ संस्थेतच साठावे, हे तत्त्व या दोन कलमांत उतरले आहे. परंतु खरा प्रश्न निव्वळ नफा ठरवतानाच निर्माण होतो. कर्जदाराने व्याज भरलेले नाही, ते थकले आहे, तरीही ते येणे म्हणून जमेला धरले आणि बुडीत कर्जासाठी पुरेशी तरतूद केली नाही, तर ताळेबंदात नफा दिसू लागतो. त्या दिसणाऱ्या नफ्यातून जो लाभांश वाटला जातो, तो ठेवीदारांच्या पैशातून दिलेला असतो. सभासद खुश होतात, संचालकांचे कौतुक होते आणि पोकळी दरवर्षी वाढत जाते. जळगाव जिल्ह्याने पतसंस्थांमध्ये ठेवी अडकल्याचे जे दुःख सोसले आहे, त्याला कारणे पुष्कळ होती. तथापि भरघोस लाभांश हे संस्था सुदृढ असल्याचे प्रमाणपत्र मानण्याची आपली सवय ही त्यांतली एक होती, असे माझे ठाम मत आहे. थकबाकीचे प्रमाण आणि तरतुदीचा आकडा हे दोन्ही अहवालात छापलेले असतात. लाभांशाचा आकडा ऐकण्याआधी ते पान वाचावे, अशी माझी प्रत्येक सभासदाला विनंती आहे.

दूध संस्था दिवाळीला जो फरक देते, तो लाभांश नाही. तो आपण वर्षभर घातलेल्या दुधाच्या लिटरवर मिळतो, घेतलेल्या शेअर्सवर नव्हे. ज्याने अधिक दूध घातले त्याला अधिक. दोन्ही रकमा नफ्यातूनच येत असल्या तरी वाटपाचे माप वेगळे आहे.

भिशीच्या बाबतीत मात्र लाभांशाचा शब्द कायद्यातच शिरला होता. बोलीची भिशी आपल्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. समजा, वीस जणांनी दरमहा ५,००० रुपये घातले आणि एक लाख जमले. ज्याला नड आहे तो १२,००० रुपये सोडून ८८,००० उचलायला तयार होतो. सोडलेले १२,००० वीस जणांत वाटले की, भिशी चालवणाऱ्याचा मेहनताना बाजूला ठेवला तर, प्रत्येकाच्या वाट्याला ६०० येतात. १९८२ च्या चिट फंड कायद्यात या ६०० रुपयांना 'डिव्हिडंड' असेच म्हटले होते. येथे नफा कोठे झाला? कोठेच नाही. एका नडलेल्या सभासदाने सोडलेला पैसा बाकीच्यांना मिळाला, एवढेच घडले. २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'डिव्हिडंड' हा शब्द काढून त्या जागी सवलतीतील हिस्सा अशा अर्थाची संज्ञा घालण्यात आली. भिशीतल्या व्यवहारात काडीचाही बदल झाला नाही, परंतु त्याचे खरे रूप नावात आले.

म्युच्युअल फंडांत हेच आणखी मोठ्या प्रमाणावर घडले. फंडांच्या योजनांना 'डिव्हिडंड पर्याय' असे नाव वर्षानुवर्षे होते, आणि तो पर्याय विकताना 'घरबसल्या दरमहा डिव्हिडंड' अशी भाषा सर्रास वापरली जात असे. प्रत्यक्षात युनिटचे मूल्य ५० रुपये असताना ५ रुपये दिले की ते मूल्य ४५ वर येते. दिलेले पैसे गुंतवणूकदाराच्या स्वतःच्याच गुंतवणुकीतून काढलेले असतात, आणि त्यांत कमाईचा भाग किती व मूळ भांडवलाचा किती हे त्याला कळत नसे. चाळीसगाव, भुसावळसारख्या ठिकाणी रेल्वेतून निवृत्त झालेल्या कितीतरी मंडळींनी तो पेन्शनसारखा उत्पन्नाचा स्रोत मानला होता. सेबीने, म्हणजे शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांच्या नियामकाने, १ एप्रिल २०२१ पासून हे नावच बदलले. आता या पर्यायाला 'उत्पन्न वाटप तथा भांडवल परती' या अर्थाचे लांबलचक नाव आहे आणि त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे रूप आयडीसीडब्ल्यू असे योजनेच्या नावापुढे लिहिलेले असते. नाव अवघड आहे, तरी प्रामाणिक आहे. दोन वेगवेगळ्या क्षेत्रांत, दोन वर्षांच्या अंतराने, नियम करणाऱ्यांना हा शब्द मागे घ्यावा लागला. त्याचे कारण दोन्हीकडे एकच होते: वाटप होत होते, मात्र वाटपामागे नफा असेलच याची हमी नव्हती.

याच्या अगदी उलट टोकाचा एक वापर आहे, आणि तोही आपल्या भागाला परका नाही. १९२० च्या प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायद्यात नादार झालेल्या माणसाची मालमत्ता विकून घेणेकऱ्यांना रुपयामागे जे काही पैसे वाटले जात, त्याला डिव्हिडंड म्हटले आहे. अवसायनात गेलेल्या, म्हणजे बंद करायला काढलेल्या संस्थेचा अवसायक (त्यासाठी नेमलेला अधिकारी) वसुली करून देणी फेडतो आणि एकाच क्रमाच्या घेणेकऱ्यांना पैसे पुरत नसतील तर प्रमाणात देतो, त्या व्यवहाराचा गाभा तोच आहे. शाळेतल्या भागाकारात ज्या संख्येला भागायचे तिला मराठीत भाज्य म्हणतात आणि इंग्रजीत डिव्हिडंडच म्हणतात. नादारीतल्या वापराचा संबंध या मूळ अर्थाशी जवळचा आहे. तेथे नफ्याची भाषाच नसते, समोर असलेली रक्कम आणि तिचे वाटेकरी एवढेच असते. ज्याची एक लाखाची ठेव आहे त्याला पंधरा हजार मिळाले आणि ते 'प्रमाणात' मिळाले, हे त्याला समजावणे फार जड जाते. तरीही सर्वांना एकाच प्रमाणात मिळणे हाच त्या संकटातला न्याय आहे. ओळखीवर कोणाला पूर्ण आणि कोणाला शून्य मिळू लागले की तो न्यायही उरत नाही.

सार्वजनिक चर्चेतल्या दोन वापरांचा उल्लेख थोडक्यात करतो. रिझर्व्ह बँक केंद्र सरकारला दरवर्षी जी रक्कम देते तिला वर्तमानपत्रे लाभांश म्हणतात. २०२३-२४ साठी ती २,१०,८७४ कोटी रुपये होती आणि २०२४-२५ साठी सुमारे २.६९ लाख कोटी. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे सर्व तरतुदी केल्यानंतर उरणारी शिल्लक सरकारला द्यायची असते, आणि १ जानेवारी १९४९ पासून बँकेची मालकी सरकारकडे असल्याने वाटेकरी एकच आहे. म्हणून तिला काटेकोरपणे वरकड म्हणणे योग्य ठरते, तरी नफा, निर्णय आणि वाटप या तिन्ही पायऱ्या तेथे असल्यामुळे लाभांश म्हटले तरी फारसे बिघडत नाही. दुसरा वापर 'लोकसंख्येचा लाभांश' हा आहे. काम करण्याच्या वयातील लोकांचे प्रमाण मुले आणि वृद्ध यांच्या तुलनेत वाढले की देशाच्या उत्पन्नाला मिळू शकणारी चालना, असा त्याचा अर्थ. आपल्या भाषणांतून मात्र तो असा वापरला जातो की जणू तरुणांची संख्या वाढली म्हणजे लाभ आपोआप जमा झाला. शिरपूर, चोपडा, नंदुरबारची मुले सुरतेला, पुण्याला आणि नाशिकला जाऊन जे कमावतात, त्यातला वाटा येथे पोहोचतो तो त्यांच्या वैयक्तिक मायेमुळे. येथे काम निर्माण करण्याचा निर्णय कोणीतरी घेतला पाहिजे, शिक्षणावर आणि आरोग्यावर आधी पैसा घातला गेला पाहिजे. त्याशिवाय त्या लाभांशाची भाषा करणे मला पटत नाही.

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी, ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. पहिली कराची. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांश वाटताना कर कंपनीच भरत असे आणि बहुतेक भागधारकांना तो करमुक्त मिळत असे. १ एप्रिल २०२० पासून ती पद्धत बंद झाली. आता लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि त्याच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. एका कंपनीकडून वर्षभरात मिळणारा लाभांश १०,००० रुपयांच्या वर गेला तर १० टक्के कर आधीच कापला जातो. २०२५ च्या एप्रिलपूर्वी ही मर्यादा ५,००० रुपयांची होती. कंपनीला पॅन दिलेला नसेल तर कपात दुप्पट होते. उत्पन्न करपात्र नसेल तर तसे जाहीरपत्र कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे) वेळेत द्यावे, आणि कापला गेलेला कर विवरणपत्र भरूनच परत मिळतो, हे ध्यानात ठेवावे. सोसायटीच्या किंवा पतपेढीच्या लाभांशावर कपात दिसली नाही म्हणून तो करमुक्त होत नाही. तोही उत्पन्नात दाखवायचा असतो.

दुसरी गोष्ट न घेतलेल्या लाभांशाची. एक वयस्कर काकू दिवंगत यजमानांची कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. साडीच्या दुकानाच्या जाड पिशवीत शेअर्सची प्रमाणपत्रे होती, आणि त्याखाली लाभांशाची वॉरंटे एकावर एक नीट रचून सुतळीने बांधलेली. वॉरंट म्हणजे चेकसारखाच कागद असतो. वरच्या भागात फोलिओ क्रमांक (कंपनीच्या नोंदवहीतला भागधारकाचा खाते क्रमांक), शेअर्सची संख्या, रक्कम, आणि खाली छिद्रांच्या रेषेवरून फाडून बँकेत भरायचा तुकडा. एकाही वॉरंटाची ती रेषा फाटलेली नव्हती. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, ते म्हणायचे, व्याजच आहे, राहू द्या, वाढत राहील." व्याज आणि लाभांश यांतल्या फरकाची इतकी स्पष्ट किंमत मी दुसरीकडे कोठे पाहिली नाही. वॉरंटाची मुदत संपते, पडून राहिलेला लाभांश एका रुपयानेही वाढत नाही, तीस दिवसांनंतर तो कंपनीच्या 'न दिलेला लाभांश' या वेगळ्या खात्यात जातो आणि सात वर्षे कोणी मागितला नाही तर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये, वर्ग होतो. इतकेच नव्हे, सलग सात वर्षांचा लाभांश घेतला नसेल तर ते शेअर्सही त्या निधीकडे जातात. त्या काकूंच्या बाबतीत काही शेअर्स तसे गेलेले होते.

मात्र ते बुडालेले नसतात. निधीकडून लाभांश आणि शेअर्स परत मागण्याचा हक्क मूळ मालकाला आणि त्याच्या वारसांना राहतोच. आधी त्या निधीच्या संकेतस्थळावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरील न घेतलेल्या लाभांशाच्या यादीत नाव व फोलिओ क्रमांक शोधावा. वारसाच्या नावाने डीमॅट खाते, म्हणजे शेअर्स कागदाऐवजी संगणकीय नोंदीने ठेवण्याचे खाते, उघडावे. मृत्यूचा दाखला, वारस प्रमाणपत्र किंवा कंपनी मागेल तो वारसाचा पुरावा, पॅन आणि बँक खात्याचा तपशील देऊन कंपनीकडून हक्काचे पत्र घ्यावे, त्यानंतर आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरावा आणि त्याची स्वाक्षरी केलेली प्रत, क्षतिपूर्ती बंधपत्रासह (नुकसान झाल्यास भरून देण्याच्या लेखी हमीसह), कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवावी. कंपनीने पडताळणी अहवाल दिल्यावर निधीचे प्राधिकरण शेअर्स आणि रक्कम परत करते. प्रमाणपत्रावर 'रामदास' आणि आधारवर 'रामदासभाऊ' असे असले की अडचण येते. आपल्याकडे नावापुढे भाऊ, नाना, आप्पा जोडून लिहिण्याची पद्धत असल्यामुळे ती फार वेळा येते, आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते.

ज्यांच्याकडे अजून कागदी प्रमाणपत्रे आहेत त्यांनी आणखी एक नियम पाहावा. १ एप्रिल २०२४ पासून ज्या कागदी फोलिओला पॅन, संपर्क आणि बँक खाते जोडलेले नाही, त्याचा लाभांश ती पूर्तता होईपर्यंत रोखून धरला जातो, आणि पूर्ततेनंतर तो थेट बँक खात्यातच येतो. वॉरंट पोस्टाने येण्याची वाट पाहू नये. या रोखलेल्या लाभांशाचीही सात वर्षे मोजली जातात. पॅन व बँक तपशिलाचा अर्ज कंपनीच्या रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर मिळतो, त्यासोबत नाव छापलेला रद्द केलेला धनादेश लागतो, आणि पोस्टाने पाठवला तरी चालतो.